चिरकालीन थकवा : अवटु व अधिवृक्क ग्रंथींचा विचार

'अंगात बळ नाही' ही तक्रार ऐकली नाही, असा दिवस वैद्याच्या आयुष्यात विरळाच. अशा रुग्णास पांडु वा अग्निमांद्य समजून मंडूर, अश्वगंधा किंवा च्यवनप्राश देण्याची आपणा सर्वांस सवय जडलेली आहे. अनेकांना त्याने उपशयही मिळतो. मात्र एका रुग्णेने आम्हास या सवयीचा फेरविचार करावयास लावला.

रुग्णा 38 वर्षांची, व्यवसायाने शिक्षिका. सहा महिन्यांपासून थकवा, अरुचि, वजनात 7 किलोंची घट आणि उठून उभे राहताच भोवळ. हिमोग्लोबिन किंचित कमी असल्याने आम्ही पांडुरोगाची चिकित्सा केली. दोन महिन्यांत लाभ न दिसल्याने टी.एस.एच. तपासले, ते 9 आले. अन्यत्र तिला थायरॉक्सिन सुरू झाले आणि आम्ही निश्चिंत झालो. तिसऱ्या आठवड्यात ती उलट्या व अतिक्षीणता घेऊन परतली. रक्तदाब 80/50. तळहाताच्या रेषा व हिरड्या यांचा काळसर वर्ण तेव्हा कुठे आमच्या नजरेस आला. वरून मीठ खाण्याची तिची ओढ तर पतीने पहिल्याच भेटीत सांगितली होती. रुग्णालयात सलाइन व हायड्रोकॉर्टिसोनने ती वाचली. कॉर्टिसोल अत्यल्प होते. निदान ॲडिसनचा विकार. पुढे कॉर्टिसोलची पूर्ती होताच टी.एस.एच. थायरॉक्सिनविना प्राकृत झाले.

थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये वर्णिलेला हा विकार अधिवृक्क ग्रंथींच्या नाशाने होतो. स्वप्रतिकारशक्तीचा बिघाड व क्षय ही त्याची प्रमुख कारणे. कॉर्टिसोलच्या अभावी टी.एस.एच. काहीसे वाढू शकते. अशा वेळी केवळ थायरॉक्सिन दिल्यास उरलेले कॉर्टिसोल वेगाने खर्ची पडते व प्राणसंकट ओढवते. म्हणून थकव्यासोबत वजन घटणे, निम्न रक्तदाब, वर्णबदल व मिठाची ओढ आढळल्यास सकाळी 8 च्या सुमाराचे कॉर्टिसोल तपासून घ्यावे. हल्ली रूढ झालेले 'ॲड्रिनल फटीग' हे नाव मात्र वेगळे. 2016 मधील एका पद्धतशीर आढाव्यात त्यास आधार आढळला नाही. त्या नावाखाली औषधे देत राहिल्यास खरा विकार झाकला जातो.

दमा वा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या अधिवृक्क ग्रंथी मंदावतात. आपल्या औषधाने बरे वाटू लागले म्हणून स्टेरॉइड एकाएकी बंद करवू नये. ते देणाऱ्या चिकित्सकाच्या सल्ल्याने क्रमाक्रमाने कमी व्हावे. अनामिक पुड्यांनी चमत्कारिक गुण आल्याचे सांगणाऱ्या रुग्णाबाबतही हीच शंका बाळगावी.

औषधी विक्रेत्यांनीही लक्षात ठेवावे, की थायरॉक्सिन उपाशीपोटी घ्यावयाचे असते. लोह, मंडूर, शंखभस्म व प्रवाळ यांनी त्याचे शोषण घटू शकते. त्यांच्यात 4 तासांचे अंतर असावे. अश्वगंधेने काहींमध्ये अवटुस्राव वाढतात. सबब अवटुस्रावाधिक्य असलेल्यांस ती देऊ नये.

प्रत्येक व्याधीस नाव देता आले नाही तरी वैद्याने लाजू नये, असे चरकसंहिता सूत्रस्थानाच्या 18 व्या अध्यायात सांगते. आम्ही या वचनाचा आधार अनेकदा घेतला. परंतु व्याधीची प्रकृती, अधिष्ठान व हेतू जाणूनच कर्म आरंभावे, हे त्याच स्थळी सांगितलेले आहे. त्या रुग्णेच्या बाबतीत आम्ही नाव तत्परतेने दिले. अधिष्ठान शोधावयाचे मात्र राहून गेले.