विदर्भातल्या हिमनद्या

नागपूरची माणसं हिमनदी बघायला लडाखला जातात, गंगोत्रीहून गोमुखापर्यंत चालतात, आणि ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत ती अलास्काच्या जहाजावर चढतात. जरूर जावं. पण हिमनदीच्या पाऊलखुणा नागपूरहून सकाळी निघून दुपारी गाठता येतील एवढ्या जवळ आहेत, आणि त्या अलास्कातल्या कुठल्याही बर्फापेक्षा अतोनात जुन्या आहेत. हे कळल्यापासून चंद्रपूरच्या रस्त्याकडे मी पूर्वीच्या नजरेने बघूच शकलेलो नाही.

चंद्रपूरच्या नैऋत्येला, पैनगंगेच्या काठी, इरई नावाचं गाव आहे. शहराला लागून वाहणारी इरई नदी वेगळी, हे गाव वेगळं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले फ्रान्सिस फेडन इथे हिंडत असताना त्यांना नदीपात्रात चुनखडकाची एक उघडी फरशी दिसली. पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला, आणि त्यावर एकाच दिशेने ओढलेले लांब, समांतर ओरखडे. फरशीवर टेकलेला थर आणखी विलक्षण होता. हिरवट, मऊ मातीच्या खडकात मुठीएवढ्या गोट्यांपासून मोठ्या धोंड्यांपर्यंत सगळं एकत्र रुतलेलं, कसलीही वर्गवारी नाही. फेडन यांनी १८७५ साली सर्वेक्षणाच्या नियतकालिकात ही हकीकत छापली आणि उष्ण कटिबंधातल्या भारतात कधीकाळी बर्फ असल्याचा पुरावा म्हणून ती मांडली.

वाहतं पाणी दगड निवडत जातं. वेग कमी झाला की आधी जड गोटे खाली टाकतं, मग वाळू, शेवटी गाळ. नदीने आणलेल्या थरात ही शिस्त दिसतेच. बर्फ मात्र निवड करत नाही. हिमनदी डोंगराचे तुकडे पोटात घेऊन सरकते आणि वितळते तिथे धोंडा, गोटा, पीठ झालेली माती, सगळं एकत्र सोडून देते. तळाशी गोठून बसलेले दगड तर कानशीच्या दात्यांचं काम करतात. वर शेकडो मीटर बर्फाचं ओझं, खाली कठीण खडक आणि मध्ये हे दगड. खडकावर ओरखडे उठतात, तसे दगडही एका बाजूने घासून सपाट होतात. म्हणून नदीतला गोटा सगळीकडून गोल असतो आणि हिमनदीतल्या गोट्याला सपाट बाजू असतात, त्यांवर बारीक रेघा असतात. पैनगंगेकाठचे गोटे या दुसऱ्या जातीचे आहेत. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मला दगड वाचता येऊ लागल्यासारखं वाटलं.

असा थर भारतात पहिल्यांदा ओळखला गेला तो ओडिशातल्या तालचेरला, १८५६ साली. विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे भाऊ आणि विल्यम थिओबाल्ड हे तिघे तरुण तिथला कोळसा तपासायला गेले होते. कोळशाच्या खाली त्यांना हे बेशिस्त धोंडे दिसले आणि हे बर्फाचं काम असावं असं त्यांनी लिहून टाकलं. विषुववृत्तापासून फार लांब नसलेल्या, उन्हाने भाजणाऱ्या देशात हिमनद्या होत्या असं म्हणायला त्या काळी छाती लागत होती. त्यानंतर सगळ्या देशात त्या थराला तालचेर हेच नाव मिळालं. इरईची फरशी सापडल्यावर शंकेला जागा फारच थोडी उरली, कारण धोंड्यांबद्दल वाद घालता येतो, पण ओरखड्यांबद्दल घालणं कठीण.

त्या दोन भावांचं पुढचं आयुष्यही सांगण्यासारखं आहे. विल्यम यांनी भारतातल्या सस्तन प्राण्यांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. हेन्री यांच्याकडे १८७५ साली देशाच्या हवामान खात्याची सूत्रं आली, आणि १८८४ मध्ये त्यांनी मांडलं की हिमालयावर बर्फ जास्त पडलं की त्या वर्षीचा मान्सून दुबळा होण्याकडे कल असतो. भारतातलं कोट्यवधी वर्षांपूर्वीचं बर्फ ओळखणाऱ्यांपैकी एकानेच पुढे आजच्या बर्फाचं आपल्या पावसाशी नातं जोडावं, हा योगायोग मला फार आवडतो.

पण विदर्भात बर्फ आलं कुठून? उत्तर असं की विदर्भ तेव्हा इथे नव्हता. साधारण २९ ते ३० कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकमेकांना जोडलेले होते आणि त्या जोडखंडाचा मोठा भाग दक्षिण ध्रुवाच्या आसपास होता. त्या खंडाला आज सारं जग गोंडवन म्हणतं, म्हणजे आपल्याच भागाचं, देवगड आणि चांद्याच्या गोंड राजांच्या मुलखाचं नाव. नागपूर वसवणारे बख्त बुलंद शाह याच देवगडचे. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असं सांगितलं तेव्हा या सगळ्या देशांत सापडलेले बर्फाचे ओरखडे हा त्यांच्या हातातला भक्कम पुरावा होता. भूखंड आज आहेत तिथेच तेव्हाही होते असं मानलं, तर बर्फ विषुववृत्तावर पसरलं आणि त्याच काळात युरोप-अमेरिकेत उष्ण दलदलींची जंगलं माजली, असं मानावं लागतं. तुकडे जुळवले की सगळं बर्फ एका जागी येतं.

बर्फ हटलं आणि थंड, ओलसर सखल भागांत झाडं आली. त्यांतलं मुख्य झाड ग्लॉसोप्टेरिस. जिभेच्या आकाराचं पान, मधोमध ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना शिरांची जाळी. नागपुरात राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८५०च्या दशकात कामठीच्या आसपासच्या वालुकाश्मांतून ही पानं गोळा केली. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. दगडांसाठी रानोमाळ हिंडणारा हा माणूस १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेला.

आता दुसरीकडे बघा. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे सोबती बर्डमोर हिमनदीच्या काठी थांबले. थकलेले, उपाशी, गारठलेले. तरीही डॉक्टर एडवर्ड विल्सन यांनी तिथून दगड उचलले आणि सुमारे १६ किलोंचं ते ओझं घसरगाडीवरून शेवटपर्यंत सोबत ओढलं. काही महिन्यांनी त्यांचे मृतदेह सापडले तेव्हा ते दगड जवळच होते, आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिसची पानं होती. कामठीत घामाच्या धारांत सापडलेलं पान आणि जगातल्या सर्वांत गार जागी माणसांनी जिवापाड जपलेलं पान एकाच कुळातलं! हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो.

त्याच जंगलांचा कोळसा झाला. उमरेड, वणी, बल्लारपूर, चंद्रपूर इथल्या खाणी त्याच काळाच्या. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत हाच गोंडवनी कोळसा जळतो. पारा ४७ अंशांवर गेलेल्या मे महिन्यात आमचे कूलर फिरतात, ते हिमयुग ओसरल्यावर उगवलेल्या झाडांच्या जोरावर.

आणि समुद्र? तोही होता. छत्तीसगडात मनेंद्रगडला हसदेव नदीच्या काठी तालचेर थरांतच सागरी शिंपले सापडले आहेत. ही जागा १९८२ पासून राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. त्यांतला युरीडेस्मा हा जाड कवचाचा शिंपला थंड पाण्यात राहणारा, आणि तोच ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतही मिळतो. बर्फ वितळत गेलं, समुद्राची पातळी चढली आणि पाणी आज पूर्णपणे भूवेष्टित असलेल्या प्रदेशात शिरलं. असा किनारा कसा दिसत असेल, हे अलास्कातल्या ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात कळतं. कॅप्टन व्हँकुव्हर यांच्या पथकाला १७९४ साली तिथे उपसागराच्या तोंडापाशीच बर्फाची भिंत दिसली होती. आज ते बर्फ १०० किलोमीटरहून जास्त मागे गेलं आहे. डोंगर, मागे सरणारं बर्फ आणि त्याच्या जागी आत येणारं खारं पाणी, हे सारं तिथे दोन-सव्वादोन शतकांत घडलं.

दरवर्षी हजारो लोक नागपूरला उतरून ताडोबाला वाघ बघायला जातात. १९५५ पासूनचं हे राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, आणि वाघासाठी जावंच. मात्र एक दिवस जास्तीचा ठेवा आणि चंद्रपूर-वणी पट्ट्यात हिंडा. पाणी ओसरलेलं असेल तेव्हा, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी, ओढ्यांच्या कडा बघा. हिरवट माती आणि तिच्यात वेगवेगळ्या जातींचे गोटे रुतलेले दिसले की थांबा. बारीक पापुद्र्यांचा खडक असेल तर आणखी लक्ष द्या. एखादा एकटा दगड त्या पापुद्र्यांत बसलेला आणि त्याच्याखालचे पापुद्रे दबून वाकलेले दिसले, तर तो तरंगत्या हिमखंडातून सुटून तळ्याच्या मऊ गाळात पडला असण्याचा संभव आहे. गोट्याची सपाट बाजू उन्हात तिरपी धरा, रेघा लगेच उठून दिसतात. हातोडा मात्र घरीच ठेवा, आणि पाहून झालं की गोटा होता तिथेच ठेवा, मागून येणाऱ्यालाही तो दिसायला हवा.