स्वच्छंदतावादाचा 'मी' आणि गुलामाचा 'मी'

बी.ए.च्या वर्गाला मी अमेरिकन स्वच्छंदतावाद शिकवतो. एमर्सनचा 'स्वावलंबन' हा १८४१ चा निबंध समजावून देताना मी सांगतो, की माणसाने परंपरेपुढे मान तुकवू नये, आपल्या अंतःकरणाचा कौल मानावा. मुले ते वहीत उतरवून घेतात. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे सगळ्यांसाठी होतं का?" हा प्रश्न परीक्षेत येत नाही. पण तो टाळून या साहित्याचा विचार होऊ शकत नाही.

हा वाङ्मयीन प्रवाह ढोबळमानाने १८२० नंतर सुरू होतो आणि १८६५ साली यादवी युद्ध संपेपर्यंत टिकतो. निसर्ग, कल्पनाशक्ती आणि व्यक्ती ही त्याची तीन दैवते. एमर्सनने १८३६ साली 'निसर्ग' लिहून त्याला तत्त्वज्ञान दिले. पो माणसाच्या मनातल्या अंधारात उतरला. १८५० मध्ये हॉथॉर्नची 'द स्कार्लेट लेटर', १८५१ मध्ये मेलव्हिलची 'मोबी-डिक', १८५५ मध्ये व्हिटमनचा अवघ्या १२ कवितांचा संग्रह अशी ही ग्रंथसंपदा आहे. परंतु त्याच १८५० मध्ये पळून गेलेल्या गुलामांविषयीचा कायदा झाला. उत्तरेत पोचलेल्या गुलामालाही पकडून मालकाच्या हवाली करावे आणि त्याला आसरा देणाऱ्याला शिक्षा करावी, असा तो कायदा. १८६० च्या शिरगणतीत गुलामांची संख्या सुमारे ४० लाख होती. ज्याचा देहच दुसऱ्याच्या मालकीचा, त्याने स्वावलंबी कसे व्हायचे?

हे लेखक या प्रश्नाबाबत सारखे नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. थोरो १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला, तो एमर्सनच्या जमिनीवर. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर द्यायचा नाही म्हणून १८४६ मध्ये तो एक रात्र तुरुंगात राहिला. त्याच रानात पूर्वी गुलामीतून सुटलेली काळी माणसे झोपड्या बांधून राहत होती. थोरोने 'वॉल्डन'मध्ये त्यांची नावे नोंदवली आहेत. थोरोने रान निवडले होते. त्यांच्यासमोर निवडीला फारसे काही नव्हते. मी विद्यार्थी असताना आम्हाला तळे शिकवले गेले, या झोपड्या नाहीत. हॉथॉर्नने १८५२ साली आपला मित्र पिअर्स याचे निवडणुकीसाठी चरित्र लिहिले. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर याच पिअर्सने तो कायदा राबवला. मेलव्हिलने मात्र १८५५ च्या 'बेनितो सेरेनो'मध्ये जहाजावरचे गुलामांचे बंड एका भल्या गोऱ्या कप्तानाच्या नजरेतून दाखवले. डोळ्यांसमोर बंड असून त्याला ते दिसत नाही, कारण काळा माणूस डोके चालवू शकतो हेच त्याला मान्य नसते.

आणि फ्रेडरिक डग्लस? मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवली, मालकाने ती बंद पाडली. त्या बंदीतूनच अक्षरांची ताकद त्याला कळली. १८३८ मध्ये तो पळाला आणि १८४५ मध्ये, थोरो रानात गेला त्याच वर्षी, त्याचे आत्मकथन निघाले. माझ्या घरात पहिले पुस्तक माझ्याबरोबर आले. त्यामुळे डग्लस समजायला मला समीक्षेची गरज पडली नाही. एमर्सनचा 'मी' जन्मतःच मोकळा आहे. डग्लसला तो आधी मिळवावा लागला. तरीही मॅथिसनने १९४१ साली या कालखंडावर गाजलेला ग्रंथ लिहिला, तेव्हा निवडलेल्या पाच लेखकांत डग्लस नव्हता.

म्हणून एमर्सन-थोरोंना फेकून द्यावे असे मी म्हणत नाही. त्यांचे शब्द आपणही वापरावेत, पण पारखून. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली, ती गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना. अमेरिकेकडे कोठून पाहावे, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले होते. अभ्यासक्रमात डग्लस थोरोच्या शेजारी बसला पाहिजे. तोपर्यंत मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच: सगळ्यांसाठी नव्हते; ज्यांच्यासाठी नव्हते, त्यांनी ते आपले करून घेतले.