बोर्ड कोणता, हे प्रोग्रामला कळतं कसं?

वडोदऱ्याच्या प्रतापनगर शेडमधल्या नॅरोगेज डिझेल इंजिनांवर 'झेडडीएम-५' असं लिहिलेलं असे. रेल्वेतल्या माणसाला एवढ्यावरून सगळं समजायचं: झेड म्हणजे अडीच फुटी रूळ, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे माल आणि प्रवासी दोन्ही ओढणारं, आणि पाच हा मॉडेलचा क्रमांक. हाताच्या तळव्याएवढ्या कॉम्प्युटर बोर्डावरही असंच नाव छापलेलं असतं. पण त्याच बोर्डावर चालणाऱ्या प्रोग्रामला ते दिसत नाही. त्याला वाचता येईल अशा जागी ते कुणीतरी आधी लिहून ठेवावं लागतं, आणि कोणतं लिखाण भरवशाचं, हे आपल्याला ठाऊक असावं लागतं.

पीसीमधलं पीसीआय कार्ड विचारताच आपल्या उत्पादकाचा क्रमांक सांगतं, इंटेलचा ८०८६. छोट्या बोर्डावर आय-टू-सीच्या दोन तारांना जोडलेला सेन्सर मात्र सहसा स्वतःहून काही सांगत नाही. त्यामुळे पूर्वी एआरएम प्रोसेसरच्या प्रत्येक बोर्डाला एक यंत्रक्रमांक असे. बूटलोडर तो सुरुवातीलाच प्रोसेसरच्या एका रजिस्टरात ठेवी आणि लिनक्स त्या बोर्डासाठी लिहिलेला कोड चालवी. बोर्ड वाढले तसा हा कोड इतका पसरला की २०११ मध्ये लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर एआरएमवर 'डिव्हाइस ट्री' रुळलं: कोणती चिप कोणत्या पत्त्यावर आहे, याचं वर्णन कर्नलबाहेरच्या एका फाइलीत.

या वर्णनाच्या अगदी वर दोन नोंदी असतात. 'मॉडेल' ही माणसाने वाचायची. 'कम्पॅटिबल' ही प्रोग्रामने जुळवून पाहायची. तिच्यात आधी नेमक्या बोर्डाचं नाव आणि मग त्यावरच्या चिपचं. चालू लिनक्समध्ये दोन्ही 'प्रोक'मधल्या 'डिव्हाइस-ट्री' फोल्डरात सापडतात. प्रोग्राममध्ये तुलना 'कम्पॅटिबल'शीच करावी.

रास्पबेरी पायवर याहून बारीक माहिती मिळते. 'प्रोक'मधल्या 'सीपीयूइन्फो' फाइलीत 'रिव्हिजन' अशी ओळ असते. समजा तिथे 'सी०३१११' आहे. ही सोळाच्या पायावरची संख्या आहे, म्हणून 'सी' म्हणजे बारा, बायनरीत ११००. पहिला १ सांगतो की कोड नव्या पद्धतीचा आहे. उरलेले १०० म्हणजे चार, आणि मेमरीच्या तक्त्यात चार म्हणजे ४ जीबी. पुढचं शून्य म्हणजे सोनीचा ब्रिटनमधला कारखाना, ३ म्हणजे बीसीएम२७११ प्रोसेसर, ११ म्हणजे पाय ४ मॉडेल बी, शेवटचा १ म्हणजे आवृत्ती १.१. सहा चिन्हांत बोर्डाची जन्मपत्रिका! त्याच फाइलीतल्या 'हार्डवेअर' ओळीवर मात्र विसंबू नये. पाय २, ३ आणि ४ वरही तिथे बीसीएम२८३५ हेच नाव येत आलं आहे, आणि त्यावर बेतलेल्या प्रोग्रामांची फसगत झाली आहे.

बीगलबोनची पद्धत मला अधिक आवडते, कारण तिथे ओळख बोर्डावरच कोरलेली असते. आय-टू-सीच्या ५० या (सोळाच्या पायावरच्या) पत्त्यावर छोटी ईईपीरॉम चिप आहे. तिचे पहिले चार बाइट 'एए ५५ ३३ ईई' असे ठरलेले. ते जुळले तरच पुढचं वाचायचं. मग आठ अक्षरांचं बोर्डाचं नाव येतं, बीगलबोन ब्लॅकसाठी 'ए३३५बीएनएलटी', आणि त्यामागे आवृत्ती. मेमरी कार्ड बदललं तरी ही ओळख बदलत नाही. डिव्हाइस ट्रीची फाइल मात्र कार्डावर चुकीची पडू शकते.

स्वतःचा बोर्ड बनवणाऱ्याला ईईपीरॉम नको असेल, तर प्रोसेसरच्या तीन रिकाम्या पिना पुरतात. प्रत्येक पिन रेझिस्टरने ३.३ व्होल्टला किंवा ग्राउंडला बांधायची. सुरू होताना त्या वाचल्या की आठ आवृत्त्या वेगळ्या ओळखता येतात. पहिल्याच आवृत्तीत ही सोय ठेवावी. नंतर ती घालता येते, पण तोवर विकलेले बोर्ड मुकेच राहतात.

ओळख पटेपर्यंत कोणतीही पिन आउटपुट करू नये. एका आवृत्तीत जिथे बटण आहे, तिथेच दुसरीत मोटरचा ड्रायव्हर असू शकतो. नाव यादीत नसेल तर जवळचा बोर्ड धरून पुढे जाण्यापेक्षा प्रोग्रामने वाचलेला कोड जसाच्या तसा लॉगमध्ये लिहावा आणि थांबावं. नव्या बोर्डाचं नाव यादीत घालायला पुढच्या माणसाला तोच कोड लागणार असतो.