तात्पुरत्या सवलतीची दहा वर्षे

विजेचे महत्त्व उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील नागरिकांस कोणी समजावून सांगावे अशी स्थिती नाही. वीज गेली की कॅम्पांतील शिलाई यंत्रे थांबतात, औद्योगिक वसाहतीतील काम अर्ध्यावर राहते, आणि बारवी व जांभूळ येथील पंप बंद पडले म्हणजे दुसऱ्या दिवशी घरोघर रिकामे हंडे दिसू लागतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशाच्या टंचाईने महावितरणला वीज पुरविणारे १३ संच बंद पडले आणि ३,३३० मेगावॅटची तूट निर्माण झाली, तेव्हा भारनियमनाच्या जुन्या दिवसांची आठवण होऊन पुष्कळांच्या पोटात गोळा आला. अशा माणसाला ‘तुला वीज हवी की नियम हवा?’ असे विचारले तर तो वीजच मागणार, आणि त्यात त्याचा काही दोषही नाही. आमची तक्रार आहे ती या प्रश्नाविषयी. हा प्रश्न आमच्या नावाने गेली दहा वर्षे दिल्लीत विचारला जात आहे, त्याचे उत्तरही आमच्या नावाने दिले जात आहे, आणि त्या उत्तराचा अर्थ काय याची येथे कोणास वार्ताही नाही.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ११ जुलै २०२५ रोजी काढलेल्या अधिसूचनेने देशातील बहुसंख्य कोळशावरील वीजसंचांना सल्फर डायऑक्साइड या वायूच्या मर्यादेतून कायमचे मोकळे केले. अट एवढीच की, धुराड्याची उंची ठरलेल्या निकषाप्रमाणे असावी. हा निर्णय एका दिवसात झालेला नाही. ७ डिसेंबर २०१५ रोजी याच मंत्रालयाने औष्णिक केंद्रांच्या धुरासाठी प्रथमच कडक मर्यादा घालून दिल्या व त्या पाळण्यास दोन वर्षांची मुदत दिली. मुदत संपत आली तेव्हा केंद्रांची तयारी नव्हती, म्हणून २०२२ पर्यंत सवलत मिळाली. २०२१ च्या एप्रिलच्या आरंभी केंद्रांचे तीन वर्ग पाडण्यात आले व मुदत वर्गवार २०२२, २०२३ आणि २०२४ अशी झाली. ५ सप्टेंबर २०२२ रोजी ती आणखी दोन वर्षांनी वाढली. ३० डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे पहिल्या वर्गाची मुदत संपावयास एक दिवस उरला असताना, पुन्हा तीन वर्षांची भर पडली. आणि पुढे सात महिन्यांच्या आतच तिसऱ्या वर्गाला, ज्यात देशातील सुमारे ७८ टक्के क्षमता मोडते, त्या मर्यादेचीच माफी मिळाली. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण आमच्या पूर्वजांनी वीज केंद्रे पाहून केलेली नाही. परंतु तिला याहून चपखल उदाहरण आम्हांस सुचत नाही.

या धुराच्या नियमाच्या शेजारी एक इंधनाचा नियम होता. भारतीय कोळशात राख फार असते. शंभर टन कोळसा जाळला तर तीस ते पंचेचाळीस टन राख मागे उरते, आणि ती रेल्वेच्या वाघिणींतून शेकडो मैल वाहून नेण्याचा खर्च व त्रास कोळशासोबत फुकट पदरात पडतो. म्हणून १९९७ साली असे ठरले की, खाणीपासून हजार किलोमीटरहून दूर असलेल्या केंद्रांनी २००१ पासून ३४ टक्क्यांहून अधिक राखेचा कोळसा वापरू नये. २ जानेवारी २०१४ च्या अधिसूचनेने हे बंधन टप्प्याटप्प्याने पाचशे किलोमीटरपर्यंत खाली आणले. विदर्भातील खाणींपासून तेवढ्याहून दूर असलेले नाशिकजवळचे एकलहरे केंद्र या कक्षेत येते. २१ मे २०२० रोजी, सारा देश टाळेबंदीत घरात बसला असताना, हे बंधन काढून टाकण्यात आले. कारण असे देण्यात आले की, धुण्याने राख नाहीशी होत नाही. ती धुलाई केंद्राच्या गावी राहते आणि टाकाऊ कोळसा दुसरीकडे कोठेतरी जळतोच. त्यापेक्षा केंद्रांनी धुराच्या मर्यादा पाळाव्या व राखेची नीट व्यवस्था करावी, म्हणजे इंधनावर वेगळ्या बंधनाची गरज उरत नाही.

हे कारण अगदीच पोकळ होते असे आम्ही म्हणत नाही. कोळसा धुण्याच्या ठिकाणी काळे पाणी साचते हे विदर्भातील शेतकऱ्याला ठाऊक आहे. पण युक्तिवादाचा क्रम वाचकांनी ध्यानात घ्यावा. २०२० साली इंधनावरील बंधन सुटले ते धुरावर बंधन आहे म्हणून. २०२५ साली धुरावरील एक प्रमुख बंधन सुटले, ते कशासाठी? तर आपल्या कोळशात गंधक मुळातच थोडे असते, म्हणजे इंधनच बरे आहे म्हणून! राख आणि गंधक या दोन निराळ्या वस्तू आहेत हे आम्ही जाणतो, आणि एका नियमाने दुसऱ्याचे सर्व काम भागले असते असाही आमचा दावा नाही. परंतु इंधनाने धुराकडे बोट दाखवावे, धुराने इंधनाकडे दाखवावे आणि दोन्ही बंधने गळून पडावी, या प्रकाराला शासनव्यवहारात काय नाव द्यावे ते जाणत्यांनी सांगावे.

सरकारी बाजू पूर्णपणे मांडणे हे आमचे कर्तव्य आहे. देशी कोळशातील गंधकाचे प्रमाण साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे परदेशी कोळशाच्या मानाने कमी असते. धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसविण्यास प्रत्येक मेगावॅटमागे कोटीहून अधिक रुपये लागतात; तिला चुनखडी लागते, पाणी लागते आणि ती चालविण्यास वीजही लागते. अनेक शहरांच्या हवेत हा वायू ठरलेल्या मर्यादेच्या आतच आढळतो असे मंत्रालयाने ज्यांचा आधार घेतला त्या पाहण्या सांगतात. हे सारे खरे मानले तरी एक गोष्ट उरते. हा वायू धुराड्यातून निघाला म्हणजे वायूच राहतो असे नाही. हवेत त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात, ते वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात, आणि श्वासाबरोबर फुप्फुसांच्या तळाशी पोचतात. धुराड्याच्या पायथ्याशी वायू मोजून तो थोडा आहे म्हणणे, हे नदीच्या उगमाशी उभे राहून पूर नाही असे सांगण्यासारखे आहे. शिवाय या साऱ्या गोष्टी २०१५ सालीही ठाऊक होत्या. भारतीय कोळशातील गंधक त्यानंतर कमी झालेले नाही.

येथे आमच्या तीन नगरांचा संबंध येतो. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाला, त्यात हवेचे मानक न गाठणाऱ्या शहरांची यादी होती. महाराष्ट्रातील शहरांत उल्हासनगर व बदलापूर ही दोन्ही नावे तीत आहेत. अंबरनाथचे नाव नाही. पण या दोहोंच्या मध्ये वसलेल्या अंबरनाथवरील हवा वेगळी कोठून येणार, हा प्रश्न यादी करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. सवलतीचे जे तीन वर्ग वर सांगितले, त्यांपैकी दुसरा वर्ग नेमका अशा शहरांवरून ठरतो: अत्यंत प्रदूषित क्षेत्राच्या किंवा यादीतील शहराच्या दहा किलोमीटरच्या आत असलेले केंद्र त्यात येते. अशा केंद्रांचा निर्णय २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे एकेकट्याने तपासून व्हावयाचा आहे. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांनजीकच्या पहिल्या वर्गाला ३१ डिसेंबर २०२७ ही तारीख आहे. म्हणजे यादीत नाव येऊन आम्हांला मिळाले ते दहा किलोमीटरचे संरक्षण, आणि त्या दहा किलोमीटरांत आज कोळशाचे सार्वजनिक वीज केंद्र नाही. पूर्वी होते. ठाकुर्लीजवळ चोळा येथे जी. आय. पी. रेल्वेने १९२९ च्या सुमारास उभारलेले वीजगृह उल्हासच्या पाण्यावर व बाहेरून आणलेल्या कोळशावर चालत असे, आणि आगगाडीची वीज व तिची राख एकाच मुलुखात राहत होती. ते बंद पडून कैक वर्षे झाली. आता आमचे दिवे राज्याच्या जाळ्यावर लागतात, आणि राख राहते चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, एकलहरे येथे. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला तेव्हा ती राख ज्यांच्या शेतांत व ओढ्यांत शिरली, त्यांना बदलापूरच्या नव्या इमारतींतील उद्वाहने कोठे आहेत हे माहीतही नसेल.

आमच्या हवेचा सारा दोष विदर्भाच्या धुराड्यांवर ढकलण्याचा आमचा हेतू नाही. येथील हवा बिघडविण्यास रस्त्यावरची धूळ, बांधकामे, उघड्यावर जळणारा कचरा आणि आमचेच कारखाने पुरेसे आहेत. पण त्या कारखान्यांची गोष्टच घ्या. अंबरनाथ वा बदलापूरच्या वसाहतीत लहानसा बाष्पक चालविणाऱ्याच्या संमतिपत्रात कोणते इंधन, किती आणि किती उंच धुराड्यातून, हे सारे लिहिलेले असते. लाकडाऐवजी दुसरेच काही जाळलेले आढळले की प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस येते, आणि ती यावयासच हवी. ‘माझी तयारी झाली नाही, मला दहा वर्षे द्या’ असे त्याने उत्तर दिले तर त्याचा वीजपुरवठा तोडला जाईल. मोठ्यास मुदत आणि धाकट्यास नोटीस, असा नियम एकदा लोकांच्या नजरेस आला म्हणजे धाकट्यांचाही नियमावरचा विश्वास उडतो, आणि मग निरीक्षकाने कितीही फेऱ्या घातल्या तरी उपयोग होत नाही.

सवलत मुळीच देऊ नये असे मात्र आम्ही म्हणणार नाही. यंत्र मागविण्यास वेळ लागतो, संच एकदम बंद ठेवता येत नाहीत, आणि टंचाईच्या काळात सरकारला तातडीचे उपाय योजावेच लागतात. २००३ च्या वीज कायद्याच्या ११ व्या कलमाखाली ५ मे २०२२ रोजी आयात कोळशावरील केंद्रांना पूर्ण क्षमतेने चालण्याचा आदेश निघाला, तो त्या उन्हाळ्यात योग्यच होता. असाधारण परिस्थितीसाठी असलेले ते कलम २०२३ साली पुन्हा वापरले गेले आणि पुढे मुदतीमागून मुदत वाढत गेली, तेव्हा परिस्थितीतील असाधारणपणा कोठे गेला हे विचारणे भाग पडते. सवलत ही औषधासारखी मोजून द्यावयाची असते, आणि मोजणारा कोणीतरी हजर असावा लागतो.

असा मोजणारा याच जिल्ह्याने एकदा पाहिला आहे. डहाणू हा तालुका १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. तेथील ५०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राला परवानगी मिळाली तेव्हापासूनच गंधक काढणाऱ्या यंत्रणेचा प्रश्न उभा होता. चिकूचे बागाईतदार व आदिवासी गावकरी यांचा विरोध १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तरी केंद्र उभे राहिले आणि यंत्रणेवाचूनच चालू झाले. यंत्रणा महाग आहे, कोळशात गंधक थोडे आहे, अजून अभ्यास व्हावयाचा आहे, ही सारी कारणे त्या वेळीही देण्यात आली. फरक पडला तो १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणामुळे. त्याचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी होते. प्राधिकरणाने १९९९ मध्ये यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. कंपनीने वेळ मागितला, वादही घातला. प्राधिकरणाने वेळ दिला, पण त्याबरोबर ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली आणि सुनावण्या चालू ठेवल्या. तेथे गावकऱ्यालाही बोलता येत असे. २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली, केंद्र बंद पडले नाही, मुंबईच्या उपनगरांतील दिवेही विझले नाहीत. आठ वर्षे लागली, आणि ती फार झाली असे आमचे मत आहे. तरीही त्या आठ वर्षांनंतर डहाणूस यंत्र मिळाले. देशातील बहुतेक केंद्रांना दहा वर्षांनंतर माफी मिळाली.

खर्चाचा मुद्दा टाळून चालणार नाही. यंत्रणेचा खर्च अखेर वीजबिलातच येतो. तो प्रति युनिट पंचवीस ते तीस पैसे पडेल असा अंदाज २०२५ साली उद्योगाच्या वर्तुळातूनच व्यक्त झाला. महिन्याला शंभर युनिटे जाळणाऱ्या कुटुंबाला हे पंचवीस-तीस रुपये होतात. उल्हासनगरच्या एका खोलीत चार यंत्रे चालविणाऱ्या शिवणकामवाल्याला ते अधिक पडतील आणि त्याच्यासाठी वेगळा विचार करावा लागेल. पण हा हिशेब आम्हांपुढे मांडून कोणी आमचे मत विचारले आहे काय? महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची सुनावणी होते, तेथे हरकती मागविल्या जातात. धुराच्या माफीवर मात्र आयोगापुढे ग्राहकाचे म्हणणे कधी ऐकले गेले नाही, कारण ती माफी देणारे कार्यालय वेगळे आणि बिल पाठविणारे वेगळे.

उल्हासनगर व अंबरनाथ कल्याण लोकसभा मतदारसंघात येतात आणि बदलापूर भिवंडीच्या. या दोन्ही मतदारसंघांच्या सदस्यांनी एकत्र येऊन लोकसभेत एवढेच विचारावे: महाराष्ट्रातील कोणत्या संचाला कोणत्या वर्गात घातले आहे, ज्यांची तपासणी एकेकट्याने व्हावयाची त्यांच्या सुनावणीत चंद्रपूरच्या, एकलहऱ्याच्या रहिवाशांना बोलता येणार की नाही, आणि ३१ डिसेंबर २०२७ या तारखेसाठी कोणत्या केंद्राने यंत्राची मागणी नोंदविली आहे व किती रकमेची हमी दिली आहे. उत्तर मराठीत छापून प्रत्येक केंद्राच्या फाटकावर लावण्यास फार खर्च येणार नाही. धुराड्यावरील मापकाचे आकडे मंडळाकडे अखंड जातच असतात. तेच आकडे त्या फळ्यावर रोज लिहिले जावे.