वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे विमानसेवा

वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे विमानसेवा ही स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातील दोन बेटांना जोडणारी नियमित प्रवासी विमानसेवा आहे. दोन्ही विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे २.७ किलोमीटर असून वेळापत्रकात या प्रवासासाठी २ मिनिटे राखलेली असतात. ठरावीक वेळापत्रकाने चालणारी जगातील सर्वांत कमी अंतराची विमानसेवा म्हणून ती ओळखली जाते. लोगनएअर या कंपनीने इ.स. १९६७ मध्ये ती सुरू केली.

पापा वेस्ट्रे या नावातील ‘पापा’ शब्दाचा वडिलांशी संबंध नाही. प्राचीन नॉर्स भाषेत ख्रिस्ती धर्मोपदेशकांना उद्देशून वापरल्या जाणाऱ्या शब्दावरून हे नाव पडले आहे. स्थानिक लोक या बेटाला ‘पापे’ म्हणतात.

अंतर आणि वेळ

एडिनबरो विमानतळाची मुख्य धावपट्टी सुमारे २.५५ किलोमीटर लांब आहे. म्हणजे हा संपूर्ण हवाई प्रवास तिच्या लांबीपेक्षा थोडासाच अधिक भरतो. या मार्गावर ब्रिटन-नॉर्मन आयलँडर हे दोन इंजिनांचे छोटे विमान वापरले जाते. त्याचा सर्वसाधारण वेग ताशी २४० किलोमीटर धरला, तर २.७ किलोमीटरसाठी अवघे ४० सेकंद पुरेत. प्रत्यक्षात मात्र दीड मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. याचे कारण असे की, विमानाला पूर्ण वेग गाठण्याची संधीच मिळत नाही. उड्डाणानंतरची चढण संपते न संपते तोच उतरण्याची तयारी सुरू होते. विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडवावे व उतरवावे लागते. त्यामुळे वाऱ्याची दिशा बदलली की वळणे वाढतात आणि वेळही वाढतो. वैमानिक स्टुअर्ट लिंकलेटर यांनी हे अंतर ५३ सेकंदांत पार केले होते. तो या मार्गावरील विक्रम मानला जातो.

सेवेची गरज

बोटीने जेमतेम पंचवीस मिनिटांच्या असलेल्या या प्रवासासाठी विमान कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर कर्कवॉल या ऑर्कनीच्या मुख्य शहरात सापडते. हे विमान मुळात कर्कवॉलहून येते व तिकडेच परत जाते. दोन बेटांमधील झेप हा त्या मोठ्या फेरीतील एक टप्पा आहे. इ.स. २०११ च्या जनगणनेनुसार वेस्ट्रेची लोकसंख्या ५८८, तर पापा वेस्ट्रेची केवळ ९० होती. एवढ्या लोकवस्तीसाठी स्वतंत्र विमान परवडणारे नसल्याने एकाच फेरीत दोन्ही बेटे घेतली जातात आणि सेवेला सार्वजनिक निधीतून साहाय्य मिळते. कर्कवॉलहून पापा वेस्ट्रेला विमानाने साधारण पाव तासात पोहोचता येते. मोठ्या बोटीला दोन तासांच्या घरात वेळ लागतो. फिरते शिक्षक, डॉक्टर, रुग्ण आणि पुढील शिक्षणासाठी कर्कवॉलला राहणारे विद्यार्थी यांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. विक्रमाच्या कौतुकात ही बाब बहुधा झाकली जाते. दाट धुके पडले की मात्र विमान थांबते.

पापा वेस्ट्रेवर ‘नॅप ऑफ हाउअर’ ही पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची दगडी घरे आहेत. ती पाहण्यासाठी येणारे पुरातत्त्व अभ्यासक आणि केवळ या उड्डाणाच्या हौसेने येणारे पर्यटकही याच विमानाने येतात.