सायकलीची फ्रेम : तिची पारख व अनुभवाची देवघेव

सायकल घ्यावयाची ठरली म्हणजे मुलाचें लक्ष प्रथम रंगाकडे जातें आणि वडिलांचें किंमतीकडे. परंतु जिच्यावर सायकलीचें सारें गुणावगुण अवलंबून असतात, ती फ्रेम बहुधा कोणाच्याच हिशेबांत नसते. चाकें, साखळी, ब्रेक हीं बदलतां येतात. फ्रेम चुकली तर सायकलच चुकली. म्हणून विद्यार्थी व पालक या उभयतांसाठीं या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

इंग्लंडांतील कव्हेंट्री शहरीं जॉन केम्प स्टार्ली यानें १८८५ सालीं ‘रोव्हर’ नांवाची, जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन चाकांची सायकल पुढें आणली. त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्रेमची जी आकृति स्थिर झाली, तीच आजही बहुतेक सायकलींत दिसते. ती दोन त्रिकोणांची आहे. भूमितीचे विद्यार्थी यांतील मर्म ओळखतील. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या कीं त्याचे कोनही ठरतात. चौकोन मात्र बाजू न बदलतां तिरपा होऊं शकतो. पुढील त्रिकोणाचें एक टोंक हँडलच्या नळीसाठीं किंचित् छाटलेलें असतें, आणि म्हणूनच त्या ठिकाणचे सांधे विशेष भक्कम असावे लागतात.

आतां मापाचा विचार करूं. अनवाणी भिंतीस पाठ लावून उभें राहावें, एक पुस्तक आडवें धरून दोन्ही पायांच्या मध्यें वर घट्ट टेकवावें आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचें अंतर मोजावें. आडवी नळी सरळ असलेल्या रस्त्यावरील सायकलीसाठीं या अंतराच्या सुमारें ०.६५ पट लांबीची सीटची नळी योग्य समजतात. हें अंतर ८० सेंटिमीटर भरलें, तर फ्रेम ५२ सेंटिमीटरच्या आसपास असावी. सायकलीवर पाय टाकून उभें राहिलें असतां आडवी नळी व शरीर यांत निदान दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे. हल्लीं पुष्कळ फ्रेमची ही नळी उतरती असते. तेथें केवळ सीटच्या नळीचें माप फसवें ठरतें. अशा वेळीं पायडलच्या आंसापासून हँडलच्या नळीचें वरचें टोंक किती उंच आहे व किती पुढें आहे, हीं दोन मापें पाहावीं. कारखानदार त्यांस अनुक्रमें ‘स्टॅक’ व ‘रीच’ म्हणतात.

येथें पालकांस एक विनंति आहे. कोट शिवतांना ‘वाढत्या अंगाचा’ शिवावा हें शहाणपण खरें. पण सायकलीस तें लागू पडत नाहीं. मोठ्या फ्रेमवर बसलेल्या मुलाचा पाय अडचणीच्या क्षणीं जमिनीस टेकत नाहीं आणि ब्रेकपर्यंत हात ताणून पोंचवावा लागतो. रहदारीच्या रस्त्यावर तो एक क्षणच महत्त्वाचा असतो. बावीस किंवा चोवीस इंची फ्रेमच्या नळीखालून पाय घालून सायकल शिकलेली पिढी अजून आपल्यांत आहे; तिचें कौतुक करावें, अनुकरण करूं नये. मूल वाढलें कीं मोठी फ्रेम घ्यावी व लहान धाकट्या भावंडास द्यावी, हाच खरा काटकसरीचा मार्ग होय.

धातूविषयीं अनेक गैरसमज आहेत. पोलाद हें ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड आहे, पण तितकेंच, म्हणजे सुमारें तिप्पट, ताठही आहे. मग ॲल्युमिनियमची फ्रेम हलकी व ताठ कशी होते? उत्तर नळीच्या जाडीत आहे. भिंत तेवढीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होतें, पण वांकण्यास होणारा विरोध सुमारें आठपट वाढतो. म्हणूनच ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या नळ्या फुगीर दिसतात. मात्र भिंत फार पातळ झाली तर ती धक्क्यानें पत्र्याच्या डब्याप्रमाणें चेपते. शिवाय पोलाद एका मर्यादेच्या आंतील हेलकावे वर्षानुवर्षे सोसतें, ॲल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाहीं. आणि पोलादी नळी मोडली तरी कुशल कारागिरास ती पितळेनें जोडतां येते.

वजन कमी करण्याची आणखी एक युक्ति बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यानें काढली व १८९७ सालीं तिचें पेटंट घेतलें. भार व सांध्याची उष्णता नळीच्या टोंकांस अधिक सोसावी लागते. म्हणून टोंकें जाड व मधला भाग पातळ, अशी नळी त्यानें केली. त्याच कारखान्याची १९३५ सालची ‘५३१’ नांवाची नळी शौकिनांत आजही आदरानें उल्लेखिली जाते.

जुनी फ्रेम घेणें वाईट नाहीं, पण ती तपासून घ्यावी. हँडलच्या नळीलगत खालच्या बाजूस बोट फिरवावें. फुगवटा किंवा रंगास आडवी भेग लागली, तर ती सायकल समोरून आदळलेली असण्याचा संभव आहे. नंतर मागच्या चाकाच्या एका खांचेस दोरी बांधून ती हँडलच्या नळीस वळसा घालून दुसऱ्या खांचेपर्यंत ताणावी. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचें अंतर सारखें भरलें पाहिजे. साध्या दोरीनें होणारी ही परीक्षा हजारोंचें नुकसान टाळते.

एवढें ज्ञान एकट्यादुकट्यास सुचलेलें नाहीं. तें देवघेवीनें वाढलेलें आहे. फ्रान्समध्यें सेंत-एत्येन येथें पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हा गृहस्थ ‘व्हेलोसिओ’ या नांवानें लिहीत असे. १८८७ सालीं त्यानें सायकलीविषयीं एक नियतकालिक काढलें. नवी फ्रेम, नवें गिअर हातीं आलें कीं तो तें डोंगरावर स्वतः चालवून पाही आणि अनुभव छापून सर्वांस देई. गिअर बदलणें हें दुबळ्यांचें काम, असें म्हणणारे त्या काळीं थोडे नव्हते. तूर द फ्रान्सच्या शर्यतींत गिअर बदलण्याच्या यंत्रास सर्वांसाठीं परवानगी मिळाली ती १९३७ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनीं.

त्याच देशांत १९३० नंतरच्या दशकांत कारागिरांच्या सायकलींच्या कसोट्या भरूं लागल्या. तेथें केवळ सौंदर्य पाहून बक्षीस दिलें जात नसे. सायकल तोलली जाई, खराब रस्त्यांवरून चालविली जाई आणि जें मोडे त्याबद्दल गुण कापले जात. रने एर्स व अलेक्स सिंगर यांसारख्या कारागिरांचें नांव या परंपरेंत झालें.

आपल्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी जुन्या फ्रेमवर हौसेनें सायकल उभारतात व मित्रांस दाखवितात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांनीं दाखवितांना फ्रेमचें माप, स्वतःच्या पायाचें माप, काट्यावर मोजलेलें वजन, दात्यांची संख्या व झालेला खर्च हीं प्रामाणिकपणें सांगावीं; आणि सहा महिन्यांनीं काय ढिलें झालें, काय मोडलें, हेंही सांगावें. नुसत्या चकाकीची स्तुति ऐकून दुसऱ्याचा पैसा वांया जातो. खऱ्या माहितीनें तो वांचतो, आणि प्रसंगीं त्याचे हातपायही वांचतात. शाळेंत प्रयोगाची वही लिहितांना जो नियम, तोच येथें पाळावा : जें मोजलें तें लिहावें, आणि जें फसलें तें खोडूं नये.