'द आउटसायडर्स' वाचायला घेताना

अमेरिकेत सातवी-आठवीत शिकणाऱ्या भाच्याला किंवा पुतणीला 'सध्या शाळेत काय वाचताय?' असं विचारलं, तर एस. ई. हिंटन यांच्या 'द आउटसायडर्स'चं नाव बरेचदा कानावर येतं. तिथल्या शाळांत ही कादंबरी कित्येक वर्षं वाचली जाते. प्रकरणं अवघी बारा आणि इंग्रजी बोलण्यातलं, सोपं. तरीही पहिल्यांदा वाचणाऱ्याची काही ठरावीक जागी फसगत होते. त्या जागांवर थोडं थांबत आपण पुस्तकातून क्रमाने जाऊ. त्यासाठी कथानक सांगणं भाग आहे. शेवट आधी कळलेला आवडत नसेल, तर पुस्तक संपवून मग इकडे या.

आधी लेखिकेविषयी. सुझन एलॉइज हिंटन यांचा जन्म 1948चा, गाव ओक्लाहोमा राज्यातलं टल्सा. पंधराव्या वर्षी त्यांनी ही कादंबरी लिहायला घेतली. 1967 साली वायकिंग प्रेसने ती छापली, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. मुलांच्या मारामाऱ्यांचं पुस्तक एका मुलीने लिहिलंय म्हटल्यावर समीक्षक नाक मुरडतील, म्हणून प्रकाशकाच्या सल्ल्याने नावाची फक्त आद्याक्षरं छापली गेली. कादंबरीचं लेखन चालू होतं त्याच वर्षी शाळेत सर्जनशील लेखनाच्या विषयात त्यांना 'डी' श्रेणी मिळाली होती. गुणपत्रिकेने धास्तावलेल्या पालकांना हे जरूर सांगावं.

आता दोन गट. पूर्वेकडच्या गरीब वस्तीतले 'ग्रीझर', म्हणजे लांब केसांना ग्रीस चोपडून ते मागे वळवणारी मुलं. पश्चिमेकडच्या श्रीमंत घरांतले 'सोश'. छापलेली अक्षरं पाहून पुष्कळ जण 'सॉक्स' असं वाचतात, पण तो 'सोशल'चा तोडलेला तुकडा आहे. सोशांकडे मस्टँगसारख्या गाड्या आहेत, आणि एकट्यादुकट्या ग्रीझरला गाठून चोपणं ही त्यांची करमणूक. शहराचं नाव पुस्तकात येत नाही, पण ते लेखिकेचं टल्साच.

पहिल्या प्रकरणात नावांचा एकदम मारा होतो आणि पुष्कळ वाचक तिथेच कंटाळतात. एका चिठ्ठीवर सात नावं लिहून पुस्तकात ठेवा. चौदा वर्षांचा पोनीबॉय कर्टिस गोष्ट सांगतो. सोडापॉप आणि डॅरी हे त्याचे भाऊ. उरलेले चौघे म्हणजे घाबरट जॉनी, तुरुंग पाहून आलेला डॅली, टवाळखोर टू-बिट आणि सोडापॉपचा जिवलग स्टीव्ह. पोनीबॉय आणि सोडापॉप ही टोपणनावं वाटतात, पण वडिलांनी हौसेने ठेवलेली ती खरी नावं आहेत. आणि 'टोळी' या शब्दावरून फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. ही एकमेकांच्या घरी दार न वाजवता शिरणारी शेजारची पोरं आहेत.

यानंतरची गोष्ट नीट लक्षात ठेवली, तर सगळं कथानक उलगडतं. कर्टिस भावांचे आईवडील आठ महिन्यांपूर्वी मोटार अपघातात गेले आहेत. डॅरी वीस वर्षांचा. कॉलेजात जाण्याचा विचार सोडून तो घरांची छपरं घालायचं काम करतो. सोडापॉप सतरा वर्षांचाही नाही. शाळा सोडून तो पेट्रोल पंपावर लागलाय. दोघा धाकट्यांना डॅरीजवळ राहू दिलंय, पण एका अटीवर: वागणूक सरळ हवी. नाहीतर त्यांची रवानगी बालगृहात. हा उल्लेख पहिल्याच प्रकरणात ओझरता येतो आणि वाचणारा पुढे निघून जातो. माझ्या मते हे पुस्तक टोळ्यांचं असण्याआधी या अटीचं आहे. पोलिसांचं नाव निघालं की पोरं का हादरतात, डॅरी उशिरा येण्यावरून एवढा का भडकतो, या सगळ्याचं उत्तर तिथे आहे.

दुसऱ्या प्रकरणात मुलं ड्राइव्ह-इनला जातात. उघड्या मैदानात, गाडीतच बसून सिनेमा पाहायची ती जागा. तिथे चेरी नावाची सोश मुलगी भेटते आणि पोनीबॉयशी गप्पा मारते. पैसे असले तरी आपल्याकडच्यांचंही काही खरं नाही, हे तिच्या बोलण्यातून त्याला पहिल्यांदा उमगतं. 'गरीब ते चांगले, श्रीमंत ते दुष्ट' असा हिशेब मांडून बसलेल्या वाचकाने इथे जरा सावकाश वाचावं. पुढे रँडी नावाचा सोश मुलगाही असाच मन मोकळं करतो.

त्याच रात्री पोनीबॉय मोकळ्या मैदानात गप्पा मारता मारता झोपून जातो आणि फार उशिरा घरी पोहोचतो. डॅरी जागाच असतो. बोलाचाली वाढते, सोडापॉप मध्ये पडतो, त्याच्यावरही डॅरी ओरडतो, आणि मग पोनीबॉयला एक फटका बसतो. त्या घरात आजवर कुणी कुणावर हात उचललेला नाही. पोनीबॉय पळून जातो.

वाचकाची सर्वांत मोठी चूक इथे होते. डॅरी खलनायक ठरतो. गोष्ट पोनीबॉय सांगतोय आणि त्याची ठाम समजूत आहे की थोरला आपला रागराग करतो. आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहत असतो, म्हणून आपल्यालाही तसंच वाटतं. पण डॅरी काय करतो ते वेगळं काढून पाहा. तो दोन-दोन कामं करतो, पोनीबॉयच्या अभ्यासावर लक्ष ठेवतो, रात्री जागा राहतो. बोलतो मात्र कडू. सांगणारा जे सांगतो आणि आपल्याला जे दिसतं, यांत फट आहे, आणि ती सोळा वर्षांच्या मुलीने जाणूनबुजून ठेवली आहे याचं मला अजूनही नवल वाटतं.

पुढचे टप्पे भराभर येतात. पार्कात दारू प्यालेले सोश पोनीबॉयला कारंज्याच्या पाण्यात बुडवू लागतात. जॉनी खटक्याचा चाकू काढतो आणि चेरीचा मित्र बॉब मरतो. जॉनी चाकू का बाळगतो याचं कारण आधीच येऊन गेलंय: काही महिन्यांपूर्वी सोशांनी त्याला मरणाचं मारलं होतं, आणि मारणाऱ्याच्या बोटांत अंगठ्या होत्या. बॉबच्या बोटांवर नजर ठेवून वाचलंत, तर हे सुटणार नाही.

डॅली दोघांना पैसे आणि पिस्तूल देऊन दूरच्या डोंगरावरच्या ओसाड चर्चमध्ये पाठवतो. इथे वेग एकदम मंदावतो. केस कापणं, 'गॉन विथ द विंड' मोठ्याने वाचणं, रॉबर्ट फ्रॉस्टची एक छोटी कविता. अधीर वाचक ही पानं चाळून टाकतो. तसं करू नका. जॉनीचे शेवटचे शब्द याच कवितेतून येतात.

मग चर्चला आग लागते, आत अडकलेल्या शाळकरी मुलांना दोघे बाहेर काढतात आणि जळकी तुळई पडून जॉनीची पाठ मोडते. इस्पितळात डॅरी येतो आणि रडतो. आईवडील गेले तेव्हाही तो रडला नव्हता. पोनीबॉयला तिथे कळतं की थोरल्याचा सगळा राग म्हणजे आणखी एक माणूस गमावण्याची भीती होती.

त्यानंतर 'रंबल', म्हणजे दिवस-वेळ ठरवून, हत्यारांशिवाय केलेली सामूहिक मारामारी. ग्रीझर जिंकतात. सगळ्यांना वाटतं हाच कळस. लढाईच्या वर्णनापेक्षा सुरुवात पाहा. डॅरीसमोर जो सोश उभा राहतो, तो त्याचा शाळेतल्या फुटबॉल संघातला जुना सवंगडी. एक कॉलेजात गेला, दुसरा छपरावर चढला. त्याच रात्री जॉनी जातो, आणि ते सहन न होऊन डॅली रिकामं पिस्तूल रोखून पोलिसांच्या गोळ्या अंगावर घेतो.

अनेकांचं पुस्तक मनाने इथेच संपतं. पण अजून प्रकरणं शिल्लक आहेत. तापाने फणफणलेला पोनीबॉय जॉनी मेलाच नाही असं धरून चालतो. खून आपणच केला असंही म्हणू लागतो. कोर्टात न्यायाधीश भावांना एकत्र राहू देतात, म्हणजे ती टांगती अट सुटते. तरीही पोनीबॉय आणि डॅरी भांडतातच. तेव्हा नेहमी हसतमुख असणारा सोडापॉप घराबाहेर धावत सुटतो. प्रेयसीला धाडलेलं त्याचं पत्र न उघडता परत आलेलं असतं आणि दोघांपैकी कुणाच्याही ते ध्यानात आलेलं नसतं. दोघांच्या ओढाताणीत मी मधोमध फाटतोय, असं तो त्यांना सुनावतो. भावाभावांतली निष्ठा नेमकी काय, ते रंबलमध्ये शोधू नका, या प्रसंगात शोधा.

अगदी शेवटी पोनीबॉय इंग्रजीच्या शिक्षकांनी सांगितलेला निबंध लिहायला बसतो, आणि त्याचं पहिलं वाक्य म्हणजे या कादंबरीचं पहिलं वाक्य. आपण वाचत होतो तो निबंधच होता. हे कळल्यावर पहिलं प्रकरण पुन्हा उघडून पाहा. तिथला डॅरी आता वेगळा दिसेल.

सिनेमा आधी पाहावा का? फ्रान्सिस फोर्ड कोपोलाने तो 1983 साली केला, तोही कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या ग्रंथपाल आणि विद्यार्थ्यांनी पत्र पाठवून विनंती केल्यामुळे. टॉम क्रूझ, पॅट्रिक स्वेझी, मॅट डिलन तेव्हा नवखे होते. पण त्या आवृत्तीत भावांचे बरेच प्रसंग कापले गेले. 2005 साली ते परत घालून 'द कम्प्लीट नॉव्हेल' या नावाने सिनेमा पुन्हा आला. पाहायचाच तर तो, आणि पुस्तकानंतर.

घरातल्या मुलांना द्यायचं असेल, तर सातवी-आठवीपासून हरकत नाही. पानोपानी सिगारेटी ओढल्या जातात आणि मारहाण थेट येते, हे आधी माहीत असू द्या. पुस्तक आवडलं तर हिंटन यांचंच 'रंबल फिश' आहे, 1975चं. त्यातही दोन भाऊच आहेत. ते अधिक काळोखं आहे. थोरलं मूल कॉलेजात जाईपर्यंत थांबलात तरी चालेल.